चिंध्या बांधलेली झाडे

मे २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात मी नागपूरहून काटोल तालुक्यातल्या मामाजींच्या गावी गेलो, तेव्हा त्यांच्या बगीच्यातल्या काही संत्र्याच्या झाडांना, खोडाशी, कापडाच्या चिंध्या बांधलेल्या दिसल्या. कापड माझ्या ओळखीचे होते. मामी पूर्वी घरी नेसत असत त्या हिरव्या काठाच्या जुन्या लुगड्याच्याच त्या पट्ट्या होत्या. आमच्याकडे झाडाला कापड बांधलेले दिसले की ते नवसाचे असते, म्हणून मी मामींना सहज विचारले, की हा कशाचा नवस बोललात. त्या काही न बोलता विहिरीकडे वळल्या. मग मामाजींनीच सांगितले, की तीनशे तीस झाडांपैकी ज्या एकशे वीस झाडांना पाणी घालायचे ठरले आहे त्यांना चिंधी बांधली आहे, म्हणजे टँकरवरचा माणूस रात्री आला तरी त्याची चूक होणार नाही.

ही निवड करायला दोघांना दोन दिवस लागले होते. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागलेली झाडे पहिल्यांदा वगळली, मग धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची, जिथे माती उथळ आणि खाली लगेच मुरूम लागतो ती वगळली. त्यानंतर मात्र वगळण्यासारखे कारण सापडेना. सगळी झाडे एकाच वर्षी, १९९७ साली, लावलेली. सगळ्यांना एकाच हाताने बोर्डो मलम लावलेले. कुठल्या झाडाला किती हजार फळ येते हे मामाजींना वहीशिवाय सांगता येत असे. पाटाच्या टोकाला असलेल्या एका झाडाला फारसे फळ धरत नव्हते, तरी मामींनी त्याला चिंधी बांधली, कारण सोंगणीच्या आणि तोडणीच्या दिवसांत बायका त्याच्याच सावलीत भाकर खायला बसत. मामाजींनी ती चिंधी सोडली नाही, पण हिशेबात ते झाड एकशे एकविसावे धरले.

दुष्काळावर लिहिताना भेगाळलेल्या जमिनीचे चित्र सगळ्यांनाच सुचते. फळबागेच्या गावातला दुष्काळ तसा दिसत नाही. कापूस किंवा सोयाबीन बुडाले तर त्या वर्षाचे बियाणे, खत, मजुरी आणि आशा बुडते, आणि हे नुकसान लहान नाही. पण पुढच्या मृगात तेच वावर पुन्हा पेरता येते, आणि पाणी नसेल तर एखादे वर्ष पडीकही ठेवता येते. संत्र्याचे तसे नाही. कलम लावल्यापासून पाच-सहा वर्षे नुसते जगवावे लागते, तेव्हा कुठे फळ धरते, आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षे ते झाड घर चालवते. अशा झाडाला पाण्यावाचून एक उन्हाळा सोसला नाही, तर मागची बावीस वर्षे तर जातातच, पण नवे कलम फळावर येईपर्यंतची पुढची सहा वर्षेही जातात. म्हणूनच बागाईतदार झाडासाठी जे करतो ते हिशेबाच्या पलीकडचे असते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या भागातल्या पाणीटंचाईचे मूळ या धरून ठेवण्यात आहे.

बाहेरच्या माणसाला संत्र्याच्या शेतीतली एक गोष्ट ऐकून नवल वाटते. या झाडाला फुले यावीत म्हणून त्याचे पाणी मुद्दाम तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत थंडीचा आणि पाण्याचा ताण देतात, मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या फुलोऱ्यासाठी, मे महिन्यात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात. पानांची तकाकी जाते, दुपारी ती वळू लागतात, आणि साधारण चौथा हिस्सा पाने गळली की ताण पुरा झाला असे समजून हलके पहिले पाणी देतात. मग दुसरे, मग भरपूर. झाड फुलांनी पांढरे होते आणि सगळ्या शिवारात तो वास भरून राहतो. किती दिवस तहानेले ठेवायचे आणि नेमक्या कोणत्या दिवशी पाणी सोडायचे, यातच संत्र्याच्या शेतकऱ्याची सगळी विद्या आहे. मामाजी पान हातात घेऊन, अंगठ्याने दाबून, ‘अजून आठ रोज’ असे सांगत, आणि मी लहानपणी ते वैद्याकडे पाहावे तसे पाहत असे.

२०१९ मध्ये हा ताण त्यांनी दिलेला नव्हता. विहिरीने मार्चमध्येच तळ दाखवला होता. बगीच्यातून फिरताना मी विचारले, की मृग बहाराच्या ताणासारखाच हा धरला तर चालणार नाही का. ते म्हणाले, “बाबू, ताण देनाऱ्याजोळ पानी लागते. तोडाचं पानी ज्याच्याजोळ हाये त्यानं ताण द्यावा. आपन तं झाडाले मारून रायलो.”

आमचा भाग कोरडा आहे हे नागपूरच्या माणसाला पटकन पटत नाही, कारण नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडे काटोल-नरखेडकडे जाताना तो कमी होतो, तरीही माणदेशात पडतो त्याहून खूपच जास्त असतो. अडचण पावसाच्या आकड्याइतकीच खालच्या दगडाची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर चढून जो काळा पाषाण झाला, त्याच्यावर आमची काळी माती आहे. नागपुरातली सीताबर्डीची टेकडीही त्याच दगडाची. या दगडात वाळूसारखे पाणी साठत नाही. वरच्या मुरमात आणि दोन थरांमधल्या सांध्यांत, भेगांत जे काय मुरेल तेवढेच, म्हणजे खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. जुन्या विहिरी या मुरमातल्या पाण्यावर होत्या. मामाजींचे वडील विहिरीची खोली फुटांत सांगत नसत, पुरुषांत सांगत. आमची विहीर सात पुरुष, म्हणजे एकावर एक सात माणसे उभी राहतील एवढी. त्या पाण्यावर मोट चालली, पुढे इंजिन चालले, मग विजेचा पंप आला, आणि पंपाबरोबर बगीचे वाढले.

हे वाढणे मी जवळून पाहिले आहे. मी चौतीस वर्षे एका बँकेत नोकरी केली आणि त्यातली सहा वर्षे संत्रापट्ट्यातल्याच एका शाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. विहीर, मोटरपंप आणि पाइपलाइन यांची प्रकरणे माझ्या हातून गेली. भूजलाच्या सर्वेक्षणावरून पाणलोटांचे वर्ग ठरत. उपसा जिथे वर्षभरात मुरणाऱ्या पाण्याच्याही पुढे गेला, तो पाणलोट काळ्या यादीत जाई आणि तिथे नव्या विहिरीला कर्ज देता येत नसे. नागपूर जिल्ह्यातले काटोल-नरखेड आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले वरूड-मोर्शी ही नावे त्या यादीच्या संदर्भात सारखी येत. नियम योग्य होता, आणि मी तो पाळला. २००४ साली मामाजी बोअरसाठी विचारायला आले, तेव्हा त्यांनाही मी यादी दाखवली आणि प्रकरण बसणार नाही असे सांगितले. त्यांनी तक्रार केली नाही. दोन महिन्यांनी बोअर झाली, ती एका व्यापाऱ्याकडून बगीच्यावर उचल घेऊन. पुढची तीन वर्षे फळ त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या हजारी भावाने, उक्ते द्यावे लागले. माझ्या सहीने जमिनीतले पाणी वाचले नाही. मामाजींचे कर्ज फक्त बँकेच्या वहीतून व्यापाऱ्याच्या वहीत गेले. याची टोचणी मला नोकरीत असताना जितकी नव्हती, तितकी आता आहे.

कायदाही पुढे झाला. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा. तो २०१४ पासून लागू झाला, आणि शेतीसाठी साठ मीटरांपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल जाण्यावर त्यात बंधन आहे. आमच्या शिवारात त्या वेळी सहाशे-सातशे फुटांच्या बोअरी होत्या. दोनशे फुटांवर पाणी संपलेल्या माणसाला कायदा सांगणारे कोणी कधी वावरात गेले, असे मला आठवत नाही.

एप्रिल २०१९ मधली बोअर मी स्वतः पाहिली. तमिळनाडूची पाटी असलेली ती मोठी गाडी संध्याकाळी आली. त्याआधी पाणी पाहणाऱ्याने तळहातावर नारळ ठेवून तीन जागा दाखवल्या होत्या, आणि मामाजींनी त्यातली विहिरीपासून सर्वांत लांबची निवडली होती. रात्रभर यंत्राचा आवाज घुमत होता. दगडाचे पीठ उडून शेजारच्या झाडांची पाने पांढरी झाली. चारशे फुटांवर थोडी ओल आली, पिठाचा चिखल झाला आणि सगळे जण पुढे सरकले. पाचशेवर पुन्हा कोरडे पीठ. गाडीवरची पोरे छत्तीसगडची होती, त्यांच्या केसांना, भुवयांना तेच पीठ लागलेले. दर पन्नास फुटांना गाडीवाला मामाजींकडे पाही आणि मामाजी हाताने खाली जायची खूण करीत. भाव फुटावर असतो, आणि जितके खोल जावे तितका तो चढतो. आठशे फुटांवर मामींनी त्यांचा हात धरून खाली केला. त्या बोअरने पुढे रोज वीस-पंचवीस मिनिटे पाणी दिले, मग ती नुसती हवा टाकी.

त्याआधीच्या ऑक्टोबरात, म्हणजे २०१८ च्या अखेरीस, शासनाने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि त्यांत काटोल, नरखेड होते. जाहीर झाल्याने वसुलीला, वीजबिलाला काही सवलत मिळते. झाडाला पाणी मिळत नाही. त्यासाठी टँकर हाच मार्ग उरला. वाढलेल्या झाडाला मे महिन्यात रोज शंभर लिटरांहून अधिक पाणी लागते. दहा हजार लिटरांचा टँकर त्या हिशेबाने शंभर झाडांना एक दिवस पुरतो. तीनशे तीस झाडांना रोजचे तीन टँकर, आणि असे जवळपास दोन महिने. मामाजींनी मागवायला परवडेल तो आकडा आधी ठरवला: तीन दिवसांआड एक. त्या एका टँकरात किती झाडे फळाशिवाय, नुसत्या जिवानिशी जगतील, असे उलटे मोजत आल्यावर एकशे वीस निघाली. चिंध्यांचा हिशेब हा असा होता.

टँकर आला की मामाजी स्वतः नळी धरत. आधी कुदळीने भेगा बुजवायच्या, नाहीतर पाणी सरळ खाली जाते आणि मुळांना लागतच नाही. खोडाभोवती दोन कडी केलेली असतात, आतल्या कड्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, बाहेरच्या आळ्यात सोडायचे, म्हणजे खोड ओले राहून कुजत नाही. वरून लगेच सोयाबीनचे कुटार, म्हणजे भुसा, पसरायचे. तापलेल्या मातीत पाणी पडताना चर्रर्र असा आवाज येई आणि क्षणभर पावसासारखा वास सुटे. बिनचिंधीच्या झाडांजवळून नळी नेताना ते ती उचलून धरत, थेंबही सांडू नये म्हणून. मी एका झाडाशी नळी थोडी खाली केली, तर त्यांनी ती शांतपणे माझ्या हातातून घेतली.

एके दिवशी टँकर उभा असताना एक बाई डोक्यावर एक आणि कडेला एक असे दोन रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन धुऱ्यावर येऊन उभी राहिली. ती मामाजींकडे पंधरा-सोळा वर्षे तोडणीला येत होती. गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर कोरडी पडली होती, तिथे सरकारी टँकर दिवसाआड येई, आणि तिचा नंबर लागेपर्यंत तो संपला होता. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत कोणी नवी विहीर, बोअर घेऊ नये असा नियम १९९३ पासून आहे; आमच्या गावात त्या अंतरात बागाईतदारांच्या बोअरी किती आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. ती काही बोलली नाही. मामाजीही नळी धरून उभे राहिले. मामींनी पुढे होऊन तिचे दोन्ही गुंड भरून दिले, आणि ती गेल्यावर मामाजी म्हणाले, “उद्यापासून तिच्यासाठी वेगळं काढून ठेवत जा. झाडाच्या तोंडचं मांगायची पाळी तिच्यावर येऊ नये.” पाणीटंचाईच्या अहवालांत हेक्टर असतात, झाडे असतात, भरपाईचे आकडे असतात. ज्यांच्याकडे एकही झाड नाही आणि ज्यांची वर्षातली चार महिन्यांची मजुरी दुसऱ्याच्या झाडांवर अवलंबून आहे, त्यांचा रकाना त्यांत मला सापडलेला नाही. त्या हंगामात तोडणी नव्हतीच. ती बाई जूनमध्ये नागपूरला बांधकामावर गेली आणि परत आली नाही.

मे महिन्याच्या अखेरीस पारा ४७ अंशांपर्यंत गेला. एरवी रोहिणी संपून मृग लागला की पाऊस येतो, त्या वर्षी जूनचा तिसरा आठवडा संपत आला तरी आभाळ कोरडे होते. नागपुरात आमच्या नळाला पाणी येते ते पेंच नदीचे, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या धरणांतून. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून खाली येणारे पाणी कमी झाले होते, आणि त्यात पाऊस लांबल्याने तोतलाडोह मृतसाठ्यावर आले. जुलैमध्ये शहराला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. आमच्या कॉलनीत त्याबद्दल जो संताप झाला तो मी ऐकला, आणि त्यात मीही बोललो. मात्र पेंचच्या कालव्यांवर पारशिवनी, रामटेक, मौद्याकडची धानाची शेती आहे, आणि पिण्याचे पाणी आधी या न्यायाने ती शेती आमच्या आधीच, निमूटपणे, तहानेली राहिली होती. आमचा दिवसाआडचा नळ उघडला तरी त्यातून पंधरा मिनिटांत जेवढे पाणी वाहून जाई, तेवढ्यात चिंधीचे एक झाड तीन दिवस तगले असते. हे मनात आले की हात आपोआप तोटीकडे जातो, अजूनही.

पाऊस शेवटी आला. चिंधी बांधलेल्या एकशे एकवीस झाडांपैकी चौऱ्याण्णव जगली. बिनचिंधीच्या दोनशे नऊ झाडांपैकी, आश्चर्य वाटेल, पण एकोणीस आपल्या बळावर फुटली. ती सगळी नाल्याकडच्या बाजूची. बाकीची दिवाळीपर्यंत उभीच होती. वाळलेले संत्र्याचे झाड पटकन पडत नाही, पाने झडलेल्या काटक्यांचा राखी रंग लांबून दिसतो. मग करवत लागली आणि लाकूड जळणाच्या भावाने गेले. त्या वर्षी काटोल-वरूडच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना असे ढीग दिसत.

गेल्या पाच-सहा वर्षांत पाऊस बरा झाला, उलट काही वर्षी जास्तीच्या पावसाने फळगळ झाली, आणि लोक २०१९ विसरू लागले. ठिबक बहुतेकांकडे आहे. मला ठिबकाविषयी एक सांगावेसे वाटते, की त्याने वाचलेले पाणी जमिनीत राहिले असते तर ती खरी बचत होती. आमच्याकडे ते पाणी आणखी एक एकर बगीचा लावण्यात गेले. शेततळ्यांचेही तसेच. पावसाचे पाणी साठवायला ती होती, पण प्लॅस्टिक अंथरलेले तळे बोअरच्या पाण्याने भरून ठेवलेले मी पाहिले आहे, आणि मार्चच्या उन्हात त्यातून किती वाफ होते हेही. वैनगंगेचे पाणी नळगंगेपर्यंत नेणारा ४२६ किलोमीटरचा जोडकालवा राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केला. तो ज्या गोसीखुर्दपासून निघायचा आहे, त्या धरणाचे भूमिपूजन १९८८ सालचे आहे. मामाजींच्या वयाची माणसे त्या बातमीवर बोलत नाहीत.

त्यापेक्षा मला गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा पाण्याचा ताळेबंद महत्त्वाचा वाटतो. अटल भूजल योजनेत काटोल, नरखेड हे तालुके घेतले गेले, आणि त्यातून गावोगावी पर्जन्यमापक बसले, विहिरींची पातळी मोजली जाऊ लागली. आमच्या गावच्या भिंतीवर पडलेला पाऊस, मुरलेले पाणी, माणसांची गरज, जनावरांची गरज, पिकांची गरज असे रंगवलेले आहे आणि शेवटच्या ओळीत ‘तूट’ लिहिले आहे. बँकेत मी जन्मभर ताळेबंद पाहिले, पण ज्यात सगळे गाव एकाच खात्याचे खातेदार आहे असा हा पहिलाच. तो रंगवून झाल्यावर कोणी एक झाड कमी लावले का, हे विचारायला मी गेल्या डिसेंबरात गेलो होतो.

मामाजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मामेभावाला रिकाम्या जागेत दोनशे कलमे लावायची होती आणि शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेत त्याने विचारूनही ठेवले होते. मामाजी त्याला काही न सांगता विहिरीवर घेऊन गेले. तिथे एक दोरी आहे, तिला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या आहेत, टोकाला दगड. दगड पाण्याला लागेपर्यंत त्यांनी ती सोडली, मग ओल्या गाठी आणि कोरड्या गाठी वेगवेगळ्या मोजल्या, आणि खिशातून वही काढून मागच्या पाच डिसेंबरांचे आकडे पाहिले. मामेभाऊ म्हणाला, “बाबा, औंदा तं पानी चांगलं हाये.”

“औंदाच्या पान्यावर नाई लावत,” ते म्हणाले. “एकोणीसच्या पान्यावर लाव. साठ लाव.”

मामेभाऊ गप्प राहिला. मग त्याने विचारले, की कुठून सुरू करायचे. मामाजी नाल्याकडच्या बाजूला, जिथे ती एकोणीस झाडे आपल्या बळावर जगली होती, तिकडे चालू लागले, आणि पहिल्या खड्ड्याच्या जागी त्यांनी काठीचे टोक टेकवले.